सहा वर्षं उभी असलेली पल्सर: किक सगळ्यात शेवटी

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. वय 47. माझी 2008 ची पल्सर 150 (किक आणि सेल्फ दोन्ही, पुढे डिस्क ब्रेक) 2019 च्या दिवाळीनंतर शेतातल्या आखाड्यावर पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. घरी स्कूटी आली आणि ही मागे पडली. टाकीत तेव्हाचं अर्ध्याला पेट्रोल असावं. मुलगा म्हणतो, ताजं पेट्रोल टाकून चार किका मारल्या की होईल सुरू. गावातले मिस्त्री म्हणतात, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सेल्फ मारून बघू. मला येत्या नवरात्रात तिच्यावरच तुळजापूरला जायचंय. काय करू, खर्च किती येईल, आणि इतक्या वर्षांनी मला स्वतःला ती झेपेल का?

उत्तर

सर, आधी मुलाला आणि मिस्त्रींनाही थांबवा. उभ्या गाडीचं जे मोठं नुकसान होतं, ते सहा वर्षांत होत नाही, पहिल्या दहा किकांत होतं. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल केव्हाच खाली उतरलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा जिथे थांबल्या तिथे गंजाची बारीक कड धरलेली असते. तशात जोर लावला की रिंग तुटते किंवा भिंतीवर ओरखडे पडतात आणि दोनशे रुपयांच्या कामाचं बोअर-पिस्टन (सिलिंडर घासून नवा पिस्टन बसवणं) होऊन बसतं. शिवाय समजा ती झाली सुरू, तर थांबवणार कशाने? डिस्कचं ऑइल सहा वर्षं जुनं, टायर त्याहून जुने. म्हणून कामाचा क्रम उलटा धरा: आधी गाडी थांबेल अशी करायची, मग सुरू होईल अशी.

पहिल्या दिवशी पाना हातातसुद्धा घेऊ नका. टॉर्च घेऊन जा आणि सीट काढायच्या आधी गाडीखाली, चाकांच्या आजूबाजूला, कडब्याची गंजी जवळ असेल तर तिच्या बाजूनेही नीट बघा. आखाड्यावरच्या शेडमध्ये नाग-घोणस निघणं नवं नाही. सीट काठीने उचला. उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का, एअर फिल्टरच्या डब्यात चिंध्या-कागद भरून घरटं केलंय का, ते पाहा. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशी हमखास मातीचं घर करते. ते वाकवलेल्या तारेने उकरून बाहेर काढा, आत ढकलू नका.

एअर फिल्टर उघडलात की स्पंज बोटाने दाबा. इतक्या वर्षांत तो सडून भुसभुशीत झालेला असतो, चिमटीत धरला की भुगा होतो. तोच भुगा पहिल्या किकेला कार्बोरेटरमधून इंजिनात जातो. स्पंज धुऊन वापरायच्या फंदात पडू नका, नवा टाका. डबा आतून ओल्या फडक्याने पुसा.

ब्रेक आणि टायर

डिस्कचं ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. पाणी मुरलेलं ऑइल गरम झालं की त्याची वाफ होते, आणि लिव्हर ऐन वेळी मूठभर आत जाऊनही ब्रेक लागत नाही. शिवाय तोच ओलावा कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनला आतून गंजवतो. तपासायला सोपं आहे: गाडी मेन स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी करा, लिव्हर दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. सोडल्यावरही चाक जड फिरत असेल तर पिस्टन अडकलेला आहे. मग कॅलिपर खोलून, पिस्टन स्वच्छ करून, नवे सील टाकल्याशिवाय पुढे जाऊ नका. पिस्टनवर खड्डे पडले असतील तर तोही बदला. डिस्कवरचा वरवरचा तांबूस गंज ब्रेक लागले की आपोआप जातो, त्याची चिंता नको. सहा वर्षांत पॅड कडक आणि गुळगुळीत होतात, ते नवे घ्या. रबरी ब्रेक पाइपवर वाकवल्यावर चिरा दिसल्या तर तोही.

ऑइल बदलताना हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय, डॉट 3 किंवा डॉट 4, तोच सीलबंद डब्यातला घ्या. अर्धा वापरून ठेवलेला डबा नको. कॅलिपरच्या निपलला (हवा काढायच्या छोट्या बोल्टला) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक थोडं ताजं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. एकाने लिव्हर दोन-तीनदा दाबून धरायची, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करायचा, ऑइल आणि बुडबुडे निघाले की आधी निपल आवळायचा, मग लिव्हर सोडायची. हा क्रम चुकला की हवा परत आत. वरच्या डबीतलं ऑइल संपू देऊ नका. नळीतून काळपट ऑइल जाऊन स्वच्छ, बुडबुड्यांविना यायला लागलं आणि लिव्हर टणक झाली की काम झालं. हे ऑइल टाकीच्या रंगावर सांडलं तर रंग निघतो, लगेच पाण्याने धुवा.

मागचा ड्रम ब्रेक उघडून लाइनर पाहा. जुना डिंक सुटून लाइनर शूपासून वेगळा होतो आणि चालत्या चाकात अडकतो. नखाने कड उचलून बघा. हलली तर शू बदला. कॅमला (शू उघडणाऱ्या दांड्याला) अगदी बोटाच्या टोकाएवढं ग्रीस पुरे, जास्त लावलं तर वितळून लाइनरवर जातं.

टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. 3216 असेल तर तो 2016 सालच्या बत्तिसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, बाजूला बारीक चिरा असतील किंवा टायर सहा-सात वर्षांच्या पुढचा असेल तर तो गेला असंच समजा. सहा वर्षं एकाच जागी भार पडल्याने तो तिथे चपटाही झालेला असतो. पुढे 2.75-17 आणि मागे 100/90-17, दोन्ही नवीन घ्या, ट्यूबसकट. जुनी ट्यूब वाचवून दोन-चारशे रुपयेच वाचतात आणि उन्हाळ्यात हायवेवर तीच फुटते. हवा पुढे 25, मागे एकट्यासाठी 28 आणि दोघांसाठी 32, तीही सकाळी टायर थंड असताना भरा.

टाकी आणि कार्बोरेटर

झाकण उघडलं की वास येईल, पेट्रोलचा नाही, जुन्या वॉर्निशसारखा. हे पेट्रोल ताज्यात मिसळून वापरायचं नाही. डब्यात काढून घ्या. बांधावर, नाल्यात, बोअरजवळ ओतू नका, चूल पेटवायला तर मुळीच वापरू नका. गॅरेजवाल्याला सुटे भाग धुवायला देऊन टाका.

टाकीत टॉर्चचा झोत टाकून पाहा. अर्धी टाकी रिकामी होती, म्हणजे वरच्या अर्ध्या भागात गंज असणारच. सीट काढून मागचा बोल्ट सोडवा, पेट्रोलची नळी आणि मीटरच्या सेंसरची वायर काढून टाकी उतरवा. कॉक आणि सेंसर दोन्ही खोलून बाजूला ठेवा, ती भोकं बुचांनी बंद करा. गंज पातळ असेल तर साधं पांढरं व्हिनेगर भरून चोवीस तास ठेवलं तरी उतरतो. जाड पापुद्रे असतील तर आत मूठभर नट टाकून टाकी आधी चांगली हलवा. नंतर सोड्याच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने धुवा, कडक उन्हात लगेच वाळवा आणि थोड्या पेट्रोलमध्ये चमचाभर इंजिन ऑइल मिसळून आतून फिरवा. वाळवण्यात रात्र गेली तर सकाळी पुन्हा तांबूस थर दिसेल, म्हणून हे काम सकाळीच सुरू करा. कॉकमधली जाळी फाटली असेल तर पूर्ण कॉक बदला.

नळी नवीनच घ्या, आणि दुकानदाराला इथेनॉल चालणारी नळी मागा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि 2008 च्या गाडीतले रबरी भाग त्या हिशेबाने बनवलेले नाहीत. हे पेट्रोल टाकीतला उरलासुरला गंज आणि जुना थरही सोडवून खाली आणतं. त्यामुळे साफ केलेली गाडी शंभर किलोमीटरवर अचानक दम तोडते आणि लोक मिस्त्रीला दोष देतात. नळीत छोटा पारदर्शक फिल्टर बसवा. कचरा आला तर डोळ्यांना दिसेल.

कार्बोरेटरची तळाची वाटी उघडलीत की मधासारखा चिकट पिवळा थर दिसेल. तो स्लो जेटच्या (गाडी स्लोला असताना पेट्रोल देणाऱ्या बारीक नळीच्या) केसाएवढ्या भोकात बसलेला असतो. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, उजेडाकडे धरा. भोकातून गोल, स्वच्छ प्रकाश दिसला पाहिजे. तारेने किंवा सुईने टोचू नका. भोक किंचित मोठं झालं तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. ब्रशचा नायलॉनचा केस चालतो. वरच्या झाकणाखाली पातळ रबरी डायफ्रॅम असतो, त्याच्यावर क्लीनर उडू देऊ नका, रबर फुगतं. तो फाटला असेल तर गाडी सुरू होईल पण उचलणार नाही. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवा, लावताना तेवढेच फेरे बाहेर. आणि कार्बोरेटर व इंजिन यांच्यामधला रबरी जोड वाकवून तडे पाहा. तिथून हवा खेचली की गाडी स्लोला राहतच नाही, आणि माणूस विनाकारण कार्बोरेटर पुन्हा पुन्हा खोलत बसतो.

आता इंजिन

तुमच्या पल्सरला दोन प्लग आहेत. काढण्याआधी आजूबाजूची धूळ फुंकून-पुसून घ्या, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. प्लग फिरत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर थांबा. दोन्ही भोकांतून मिळून दहा मिलीच्या आसपास, म्हणजे दोन चमचे, इंजिन ऑइल सोडा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवा.

दुसऱ्या दिवशी मेन स्टँडवर, पाचव्या गिअरमध्ये मागचं चाक हाताने पुढच्या दिशेने हळू फिरवा. वरच्या गिअरमध्ये चाकावरून इंजिन फिरवायला सगळ्यात कमी जोर लागतो, म्हणून हळू हाताने फिरवलं तरी पिस्टन मोकळा आहे का हे नेमकं कळतं. चाक सरकलं तर उत्तम. अजिबात हललं नाही तर अर्धं डिझेल, अर्धं ऑइल असं मिश्रण भोकांत सोडून दोन दिवस थांबा आणि चाक पुढे-मागे हलकं डुलवत राहा. तरीही जाम असेल तर हेड खोलायला लागेल. किकवर उभं राहून ते सुटत नाही.

मोकळं झालं की जुनं ऑइल काढा. ते दुधाळ किंवा राखाडी निघालं तर आत पाणी शिरलं होतं, मग पहिलं ताजं ऑइल नुसतं धुण्यासाठी धरा आणि दहा मिनिटं चालवून तेही बदला. नवीन ऑइल 20डब्ल्यू50, जासो एमए खुणेचं, साधारण एक लिटर, लेव्हलच्या खुणेपर्यंत. कारचं ऑइल स्वस्त मिळालं तरी घालू नका. त्यातल्या घसरण वाढवणाऱ्या घटकांमुळे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचप्लेटा पकड सोडतात. ऑइल फिल्टरही सोबतच बदला.

मग प्लग बाहेर, चावी बंद, भोकांवर फडकं धरून वीसेक हलक्या किका मारा. कॉम्प्रेशन नसल्याने किक मऊ जाईल, जास्तीचं ऑइल फडक्यावर उडेल आणि नवीन ऑइल वर हेडपर्यंत पोहोचेल. आता नवीन प्लग बसवा.

बॅटरीचं काही वाचवू नका. सहा वर्षं न चार्ज केलेली बॅटरी चार्जरवर टाकली तरी टिकत नाही. 12 व्होल्ट 9 एएचची नवीन घ्या. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सेल्फ मारणं मला पटत नाही. मेलेली बॅटरी सर्किटमध्ये असताना गाडी चालली तर व्होल्टेज वर जाऊन बल्ब आणि सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जाऊ शकतात. फ्यूजचा डबा उघडून हिरवट गंज दिसला तर बारीक सँडपेपरने टोकं घासून घ्या. गाडी सुरू झाल्यावर मध्यम रेसवर बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावा, 13.5 ते 14.5 व्होल्टच्या दरम्यान आकडा आला की चार्जिंग ठीक.

पहिली सुरुवात शेडमध्ये नाही, उघड्यावर करायची. कडबा लांब, वाळूची बादली जवळ. दोन लिटर ताजं पेट्रोल, चोक ओढा, ॲक्सिलरेटर न पिळता किक मारा. पहिली काही मिनिटं पांढरा-निळा धूर येईल, तो सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑइलचा आहे. दहा मिनिटांनंतरही निळाच धूर राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत. चोक काढला की लगेच बंद पडत असेल तर स्लो जेट अजून घाण आहे. क्लच दाबून गिअर टाकताच गाडी उडी मारून बंद पडली तर घाबरू नका, प्लेटा एकमेकींना चिकटल्यात. इंजिन गरम करा, बंद करा, वरच्या गिअरमध्ये क्लच दाबून धरून गाडी पुढे-मागे जोरात हलवा, बहुधा सुटतात.

चेन डिझेल आणि ब्रशने धुवा. काही कड्या वाकल्याच नाहीत तर तेल घालून वेळ घालवू नका, दोन्ही स्प्रॉकेटसह चेनसेट बदला. ढिलाई 25 ते 30 मिमी, लॉकपट्टीचं बंद तोंड चेन फिरते त्या दिशेला. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमध्ये ऑइल सोडा, तार तुटायला आली असेल तर नवीन. पुढचे शॉकअप दाबून पाहा. सील कडक होऊन ऑइल गळत असेल तर ते पुढच्या ब्रेकवरच उतरतं, म्हणून त्यात दिरंगाई नको. हँडल डावी-उजवीकडे फिरवताना मध्येच खाच लागत असेल तर कोनसेट (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) गेलाय.

खर्च? टायर-ट्यूब, बॅटरी, ब्रेक, चेनसेट, ऑइल-फिल्टर, कार्बोरेटर आणि मजुरी धरून दहा ते चौदा हजारांची तयारी ठेवा. हेड उघडावं लागलं तर त्यावर आणखी. बाजारात या गाडीला फार काही येणार नाही, तेव्हा हिशेबाने हा सौदा बसत नाही. पण तुम्हाला ती चालवायची आहे, आणि ते कारण पुरेसं आहे.

कागद

इथे तुमची खरी अडचण आहे, आणि पत्रात तिचा उल्लेखही नाही. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, म्हणजे तुमची 2023 मध्येच संपली. नूतनीकरणाशिवाय ती रस्त्यावर आणणं म्हणजे नोंदणी नसलेली गाडी चालवणं, आणि अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं. नमुना 25 चा अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरा. गाडी लातूरच्या आरटीओत तपासणीला न्यावी लागते. उशिराचं शुल्क महिन्यांच्या हिशेबाने वाढतं, त्यात पर्यावरण करही आहे. तपासणी पास झाली तर पाच वर्षांची मुदत मिळते.

त्याआधी थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबर प्लेट करून ठेवा. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती प्लेट सक्तीची आहे. आरटीओपर्यंत गाडी टेम्पोत टाकून न्या. स्वतःचं लायसन्सही उघडून बघा. गिअरच्या गाडीचं आहे ना आणि मुदत कधीची आहे? संपून वर्षाच्या वर झालं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला, नमुना 1ए, लागतो.

तुम्ही स्वतः

झेपेल. पण तुमचा धोका गाडी जड असण्यात नाही, हातांच्या सवयीत आहे. सहा वर्षं स्कूटीवर डाव्या हाताने मागचा ब्रेक दाबलाय. पल्सरवर तोच हात क्लचवर आहे. अचानक कुत्रं आडवं आलं की हात जुनंच करणार: डावी मूठ आवळणार, क्लच दाबला जाणार, इंजिनाचा अडथळा जाणार आणि गाडी उलट मोकळी पुढे धावणार. उजवा पाय मात्र काहीच न करता फूटरेस्टवर राहील.

हे डोक्याने समजून सुटत नाही, पायाला शिकवावं लागतं. रविवारी शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ मारा. 20 च्या वेगाने येऊन रेघेवर उजवा पाय आणि उजवा हात एकत्र वापरून थांबा, क्लच अगदी शेवटी. मग 30, मग 40. पुढचा ब्रेक झटक्यात नाही, पिळत वाढवायचा. मातीवर कमी, डांबरावर जास्त. न बघता, न विचार करता पाय खाली जाईपर्यंत मैदान सोडू नका. सोबत इंग्रजी आठच्या आकारात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरा, क्लच आणि तोल दोन्ही परत येतात. हेल्मेट जुनंच असेल तर आतला स्पंज दाबून बघा. तोही एअर फिल्टरसारखाच सडलेला असेल. आयएस 4151 खुणेचं नवीन घ्या.

तुळजापूरचं नवरात्रात ठेवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. औसा-तुळजापूर रस्ता आता मोठा आणि वेगवान झालाय, आणि नेमक्या त्या दिवसांत त्यावर पायी जाणारे भक्त, ज्योत घेऊन धावणारी पोरं असतात, पहाटे आणि रात्रीही. सोयाबीनची रास तेव्हाच झालेली असते. गावाजवळ डांबरावर वाळत घातलेल्या सोयाबीनवर मोटारसायकल ब्रेक मारताच बाजूला बसते. दाणे चाकाखाली गोट्यांसारखे फिरतात. परतीचा पाऊस झाला असेल तर शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरची काळी माती रस्त्यावर आलेली असते. ती ओली असताना तिच्यावरून जाताना ब्रेकही नको, वळणही नको, ॲक्सिलरेटर सोडून सरळ निघायचं. पुढे कारखाने सुरू झाले की मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. तेव्हा अंधारात प्रवास टाळाच.

देवीचं दर्शन कोजागिरी उलटल्यावर, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी उजाडल्यावर निघून घ्या. त्याआधी गावातल्या गावात चार-पाच किलोमीटर, मग औसा जाऊन-येऊन, मग लातूर. प्रत्येक फेरीनंतर गाडी थंड झाली की नट-बोल्ट, चेनची ढिलाई, नळीतला फिल्टर आणि इंजिनाखालची जमीन तपासा. 300 किलोमीटर झाले की ऑइल पुन्हा बदला, पहिल्या ऑइलने आतला सगळा गाळ गोळा केलेला असतो. आणि यापुढे महिनाभर ती उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, टाकी काठोकाठ भरा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडी मेन स्टँडवर घ्या.